सिनेमा, तिघे, सहा रुपये साठ पैसे

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या शनिवारी आम्ही पाचजण संध्याकाळच्या खेळाला गेलो. मी, बायको, मुलगी, मुलगा आणि आई. भांडुपच्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर मॉल आहे, त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. पाच माणसं एका रिक्षात बसत नाहीत, म्हणून दोन केल्या. तिकिटं मुलीने आदल्या रात्री फोनवर काढून ठेवली होती. ३८० रुपये माणशी. वर फोनवरून काढल्याबद्दलचे २०६. मध्यंतरात मुलं उठली, त्यांच्यामागे मी उठलो, आणि पाय मोकळे करायला म्हणून आईही आली. काउंटरच्या वर झगमगता फलक होता. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. तिने फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मक्याच्या लाह्यो कितक्याक?"

"साडेचारशे," मी म्हणालो. आणि मुलगा दुसरा डबा सांगून मोकळा झाला होता.

आई काही बोलली नाही. परत आत जाऊन शाल गुंडाळून बसली. लाह्यांचा डबा तिच्यापुढे दोनदा फिरला, तिने हात लावला नाही.

रात्री हिशेब केला. तिकिटं आणि फोनचे मिळून २१०६. लाह्या, दोन मोठी थंड पेयं आणि पाण्याची बाटली १६२०. जाता-येता रिक्षा २४०. एकूण ३९६६. माझ्या हातात महिन्याला पंचावन्न हजार येतात. म्हणजे पगाराचा चौदावा हिस्सा एका संध्याकाळी गेला, आणि सिनेमा तर मला धड आठवतही नव्हता. वाईट नव्हता. पण मी अर्धा वेळ आईकडे बघत होतो.

पुढच्या आठवड्यात मुलीने दुसऱ्या एका सिनेमाचं नाव काढलं. आई भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "माका नको गो. थंय थंडी वाजता."

ती खरं बोलत नव्हती हे मला कळलं. ते कसं कळलं, ते सांगायचं तर बाबांच्या वहीपर्यंत जावं लागेल.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. शाळा चौथीपर्यंत, पण हिशेब पक्का. लाल कापडी पाठीच्या वहीत रोज रात्री खर्च लिहायचे. ते गेल्यावर त्या वह्या माझ्याकडे आल्या. १९८१च्या वहीत पगाराची नोंद आहे ७४०. त्याखाली रॉकेल, मासळी, दूध, गावी मनीऑर्डर, भिशी. आणि महिन्यातून एकदा, कधी दोनदा, त्याच अक्षरात, त्याच शाईत: सिनेमा, तिघे, ६.६०. त्याखाली: वडे, ०.९०. काही पानांत तिकिटांची अर्धुकं अजून आहेत. दारावरचा माणूस तिकीट फाडून अर्धं आपल्याकडे ठेवायचा आणि अर्धं परत द्यायचा. बाबा ते अर्धं वहीत घालून ठेवायचे. गुलाबी, फिकट पिवळी, हाताला खरखरीत लागणारी.

साडेसात रुपये. पगाराचा शंभरावा भाग. आम्ही चालत जायचो, त्यामुळे बसचे पैसे नाहीत. तेव्हा आम्ही तिघे होतो आणि आता पाच आहोत हे धरून माणशी हिशेब मांडला, तरी माझ्या पगाराच्या मानाने आजचा सिनेमा बाबांच्या सिनेमाच्या चौपटीहून महाग आहे. पण मला आकड्यापेक्षा त्या ओळीची जागा जास्त बोलते. रॉकेलच्या खाली आणि भिशीच्या वर. सिनेमा हा घरखर्च होता. त्यासाठी कुणाला धाडस करावं लागत नव्हतं, कुणाचा वाढदिवस असावा लागत नव्हता. वाईट निघाला तर बाबा "टुकार" एवढंच म्हणायचे आणि पुढच्या महिन्यात परत न्यायचे. आज माझी मुलगी सिनेमा ठरवण्याआधी तास-तास परीक्षणं वाचते, तीन मैत्रिणींना विचारते. एवढे पैसे घालून चुकीचा सिनेमा निघाला तर तिला अपराधी वाटतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला टुकार सिनेमा बघायची मुभा नसावी, हे मला फार लागतं.

लालबागच्या पोराला तेव्हा चालण्याच्या टप्प्यात किती पडदे होते! भारतमाता तर दारातच, गिरणीच्याच जमिनीवर उभं, आणि तिथे मराठी सिनेमा हमखास. जयहिंद, गणेश टॉकीज. पुलाखालून परळकडे गेलं की हिंदमाता, पुढे दादरला चित्रा, रुळांपलीकडे प्लाझा आणि कोहिनूर. चित्रा २०१९मध्ये बंद झालं. जयहिंदचं रूप बदलून तिथे मल्टिप्लेक्स झालं. गणपतीत तर तिकीटही लागत नसे. गल्लीत दोन इमारतींच्या मधे पांढरा कपडा ताणायचे, आणि ज्यांना पुढून जागा मिळायची नाही ते पडद्याच्या पाठीमागे बसायचे. मी कितीतरी सिनेमे उलटे पाहिले आहेत, सगळी डावखुरी माणसं असलेले.

पण थिएटरची गोष्ट निराळी. आम्ही २.२०च्या स्टॉलमध्ये, पडद्यापासून चौथ्या-पाचव्या रांगेत. मागे अप्पर स्टॉल, त्याचे थोडे जास्त. डोक्यावर बाल्कनी. गिरणीतले हेडक्लार्क, आमच्या नाक्यावरचे डॉक्टर, शाळेतल्या बाई बाल्कनीत असायच्या. पुढे बदली कामगार, हमाल, माझ्यासारखी पोरं. खुर्ची लाकडाची की गादीची, पंखा जवळ की लांब, एवढाच फरक. नायकाने फेटा उडवला की शिट्टी आमच्यातून वाजायची आणि ती बाल्कनीत ऐकू जायची. विनोद झाला की हसू वरून खाली यायचं. एकदा शाळेतल्या बाई रडून लाल झालेल्या डोळ्यांनी जिना उतरताना मला दिसल्या होत्या. त्यानंतर त्यांची भीती कायमची गेली.

दरांची ही शिडी या शहरात सिनेमाइतकीच जुनी आहे. ७ जुलै १८९६ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चित्रं पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिकीट सरसकट एक रुपया होतं. त्या काळचा एक रुपया म्हणजे आमच्या पणज्यासारख्या माणसाने त्या दाराकडे बघूसुद्धा नये असा. पण खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि महिन्याभरातच दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत झाले. म्हणजे सगळ्यात वरची खुर्ची सगळ्यात खालच्या जागेच्या आठपट. ज्याला चैन परवडते त्याच्याकडून जास्त घ्या, पण चार आणेवाल्याला आत येऊ द्या, त्याच छपराखाली, त्याच वेळी, हे धंदा करणाऱ्यांना इतक्या लवकर कळलं होतं. १९१३च्या ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि पुढे मूकपटांना जो अफाट प्रेक्षक मिळाला, त्यातला मोठा भाग त्या स्वस्त जागांवर बसलेला होता.

ती शिडी आता काढून घेतली आहे. पूर्ण नाही. आडवी ठेवली आहे. मंगळवारी सकाळी दहाचा खेळ स्वस्त, शनिवारी संध्याकाळी सातचा महाग. सभागृहात पुढे बसा की मध्ये, फरक असला तर थोडासाच. फरक आहे तो वाराचा आणि घड्याळाचा. म्हणजे स्वस्त खेळ कुणाला मिळतो? ज्याला मंगळवारी सकाळी वेळ आहे त्याला. आमच्या सोसायटीचा वॉचमन बारा तास उभा असतो, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई सकाळी सहा घरं करतात. त्यांना वेळ मिळाला तर रविवारी संध्याकाळीच मिळणार, आणि नेमकी तीच वेळ सगळ्यात महाग. बाबा रविवारी संध्याकाळी, डॉक्टरांच्याच खेळाला, डॉक्टरांहून निम्म्या पैशात जाऊ शकत होते.

मी थिएटरवाल्यांना लुटारू म्हणणार नाही. एका ओळखीच्यांचा मुलगा एका मल्टिप्लेक्समध्ये हिशेबाला आहे, त्याच्याबरोबर बसून मी ते ३८० रुपये फोडून पाहिले. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८ रुपये सरकारचे. उरले ३२२. २००९मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण होऊन दोनेक महिने मोठे हिंदी सिनेमे तिथे लागलेच नव्हते. त्या भांडणानंतरच्या तडजोडीत पहिल्या आठवड्याची निम्मी रक्कम वितरकाची ठरली, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, मग साडेसदतीस, मग तीस. साधारण त्याच धर्तीवर धरलं तर आणखी १६१ गेले. थिएटरच्या हातात १६१. त्यातून मॉलचं भाडं, वीज, एसी, माणसं. मुंबईतल्या जागेचं भाडं काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको. आणि जी गर्दी पहिल्या तीन दिवसांत येते तिच्यातला सगळ्यात मोठा वाटा बाहेर जातो, कारण सिनेमा आता तीन दिवसच चालतो. पंचवीस आठवडे चालण्याची गोष्ट संपली.

लाह्यांत मात्र वितरकाचा वाटा नसतो. म्हणून लाह्या साडेचारशेच्या. हे कळल्यावर माझा राग थोडा निवळला, पण वाईट जास्त वाटलं. म्हणजे सिनेमा दाखवणाऱ्याचं पोट सिनेमावर भरत नाही. आम्ही लाह्या खायला यावं, आणि खाताना समोर काहीतरी हलावं, अशी सगळी रचना झाली आहे.

या खाण्यावरून कमी भांडणं झाली नाहीत. २०१८मध्ये महाराष्ट्रात आंदोलनं झाली, मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, बाहेरचे पदार्थ न्यायला परवानगी मिळणार अशी घोषणाही झाली. पुढे जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरमालकाला आहे, पिण्याचं पाणी मात्र त्याने फुकट दिलंच पाहिजे. फोनवरच्या बुकिंगचे जादा पैसे घ्यायला राज्य सरकारने २०१३ आणि २०१४च्या आदेशांनी मनाई केली होती, ते आदेशही जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. मालकाचा धंदा, मालकाचे दर. कायद्याच्या बाजूने ते बरोबर असेल. त्यावर वाद घालण्याइतकं मला कळत नाही. मला एवढंच दिसतं की आईच्या पिशवीत तेव्हा घरचे शेंगदाणे असायचे, आणि आता दारावर तिची पिशवी उघडून बघतात.

वहीकडे परत येतो.

१० जानेवारी १९८२, रविवार. सिनेमा, तिघे, ६.६०. त्यानंतर आठ दिवसांनी, १८ तारखेला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढची पानं मी सलग वाचू शकत नाही. पगाराची ओळ नाही. रॉकेल निम्मं. मासळी जाते, मग दूध जातं. 'आईचं डोरलं' असं एका पानावर आहे आणि पुढे आकडा. त्या वर्षात पुढे सिनेमा हा शब्द नाही. आधी काय तुटतं हे त्या वहीत नीट दिसतं. सगळ्यात आधी सिनेमा तुटला.

तो परत येतो मे १९८३मध्ये. बाबा तोवर काळबादेवीला एका कपड्याच्या दुकानात कामाला लागले होते. नोंद आहे: सिनेमा, एक, २.२०.

एक.

तो मी. मी दहा वर्षांचा होतो आणि तो दिवस मला लख्ख आठवतो. शेजारच्या काकांची मुलं निघाली होती, त्यांच्याबरोबर मला पाठवलं. मी आईला "तू पण चल" म्हणून रडलो होतो. ती म्हणाली होती, "माझा डोका दुखता रे आज. तू जा." मी गेलो. परत येऊन तिला सगळी गोष्ट सांगितली, मारामारीसकट, आणि तिने पोळ्या लाटता लाटता सगळी ऐकली. तेव्हा ती दोन खानावळींना पोळ्या करून द्यायची. तिचं डोकं दुखत नव्हतं हे कळायला मला बाबांच्या मरणापर्यंत आणि या वहीपर्यंत थांबावं लागलं. म्हणून यंदा ती "थंडी वाजता" म्हणाली, आणि माझ्या कानात बेचाळीस वर्षांपूर्वीचं डोकं दुखायला लागलं.

तेव्हा निदान संप होता. नोकरी गेली होती, डोरलं गहाण होतं. आज माझी नोकरी शाबूत आहे, घरात कुणी उपाशी नाही, आणि तरी माझ्या आईला तीच सबब शोधावी लागते. हे मला सोसत नाही. आणि मी तर बऱ्या पगाराचा माणूस. माझ्या खालच्या पगारांच्या घरांत किती जणांना 'थंडी वाजत' असेल!

लोकांना सिनेमा नको झाला, आता सगळे घरी फोनवर बघतात, असं म्हणतात. मला ते पटत नाही. २३ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभर एका दिवसापुरतं तिकीट ७५ रुपये केलं, तर त्या एका दिवसात पासष्ट लाखांवर माणसं थिएटरात गेली. शुक्रवार होता, कामाचा दिवस. पुढच्या दोन वर्षांत ९९ रुपयांना असेच दिवस झाले. मराठा मंदिरात १९९५च्या दिवाळीपासून 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' हा एकच सिनेमा दिवसाच्या खेळाला चालत आला, स्वस्त तिकिटावर, आणि समोरच्या मुंबई सेंट्रलला गाडीची नाहीतर एसटीची वाट बघणारी माणसं तीन तास थंडाव्यात बसून गेली. भूक मेलेली नाही.

म्हणून मला एक मागावंसं वाटतं. सगळी तिकिटं स्वस्त करा असं मी म्हणत नाही, तसं होणार नाही. पण प्रत्येक खेळाला, शनिवारच्या सातच्यासुद्धा, पुढच्या दोन रांगा शंभराच्या आत ठेवा. त्या तशाही बऱ्याचदा रिकाम्या असतात. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाचच टक्के आहे, म्हणजे सरकारने आपल्या बाजूने थोडी वाट करून दिली आहे. मान दुखेल, दुखू दे. आमची दुखायचीच. खुर्च्या लाकडाच्या ठेवल्या तरी चालतील. पण पोळ्या करणाऱ्या बाईला आपल्या पोराबरोबर रविवारी संध्याकाळी त्या दारातून आत जाता आलं पाहिजे, आणि तिची शिट्टी नाहीतर तिचं हसू मागच्या आरामखुर्चीतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.

यात मराठी सिनेमाचाही जीव आहे. हिंदीचा मोठा सिनेमा चार हजार घालूनही बघितला जातो, सणासारखा. मराठी सिनेमाचा प्रेक्षक म्हणजे आम्हीच, पगाराचा हिशेब करणारी घरं. आम्ही महिन्याला एकदाच जाणार असलो तर त्या एका वेळी कुणाची निवड होणार? मग पहिल्या शुक्रवारी मराठी सिनेमाला चार डोकी असतात, सोमवारी खेळ कमी होतात, आणि ज्यांनी ऐकीव कौतुकावरून दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरवलेलं असतं त्यांना खेळच सापडत नाही. संध्याकाळची वेळ मराठीला द्या म्हणून आग्रह धरावा, तो धरलाही आहे आणि रास्त आहे. पण वेळ मिळून दर तोच राहिला तर खुर्च्या कोण भरणार?

गेल्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी सव्वादहाला एक मराठी सिनेमा होता, १५० रुपये. आईला आधी काही सांगितलं नाही. बँकेत पेन्शनच्या कागदाला जायचंय म्हणून बाहेर काढलं. मॉलच्या दारात तिच्या लक्षात आलं. ती थबकली.

"कितक्याक?"

"दीडशे. खिडकीवर काढू, फोनचे पैसे नाहीत." मग मीच घाईने पुढे म्हणालो, "शाल घेतलीय तुझी."

खिडकीवरच्या मुलीने तिकीट छापून दिलं, दोघांचं मिळून एकच. आईने ते हातात घेऊन आकडा वाचला आणि मग स्वतःच आत निघाली. दारावरच्या पोराने त्यावरच्या खुणेवर यंत्र धरलं, टिक झालं, तिकीट जसंच्या तसं परत.

"फाडल्यान नाय?" आईने मला विचारलं.

"आता फाडत नाहीत."

पिण्याचं पाणी कुठे आहे ते मी विचारलं. त्याने कोपऱ्यातलं यंत्र दाखवलं. तिथे दोन कागदी पेले भरून घेतले. आत आई उभी राहून माणसं मोजत होती. आम्ही धरून तेरा. आमच्या खुर्च्या मागून तिसऱ्या रांगेत होत्या. ती तिकडे वळलीच नाही.

"पुढल्यो सगळ्यो रिकाम्योच आसत," ती म्हणाली. "पुढे बसया काय?"

आम्ही चौथ्या रांगेत बसलो. पडदा एवढा जवळ की मान वर करावी लागली. तिने शाल मांडीवर ठेवली, अंगावर घेतली नाही. दिवे मंद व्हायला लागले तेव्हा तिने पर्समधून ते तिकीट काढलं, उजेड होता तेवढ्यात मधोमध दुमडलं, घडीवर नख फिरवलं आणि हळूच फाडलं. अर्धं माझ्या हातात दिलं.

"वहीत ठेव," म्हणाली.